परत आल्यानंतरची तीन मिनिटं

"मॅडम, हा अव्हॉइडंट आहे आणि मी अँक्शस." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने सांगून टाकलं. तिशी ओलांडलेली, सहकारी बँकेत काउंटरवर बसणारी. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. तो मांडीवरच्या हेल्मेटची काच वर-खाली करत होता. म्हणाला, "हिने मला रात्री एक वाजता कसलीतरी टेस्ट पाठवली. मी सोडवली नाही. तर म्हणे, सोडवली नाहीस यातच आलं सगळं."

मी कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक होते. निवृत्त झाल्यापासून पुण्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत जोडप्यांना भेटते. कोर्टात असताना हे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते. तेव्हा 'हा घुम्या आहे', 'ही संशयी आहे', 'घरात आला की तोंडाला कुलूप', 'हिचे दिवसाला वीस फोन' असं चालायचं. त्याच तक्रारी आता नवे शब्द घेऊन येतात. अटॅचमेंट स्टाइल, म्हणजे जवळच्या माणसाशी बांधलं जाण्याची आपापली रीत, ही कल्पना रील्समधून आणि पॉडकास्टमधून घराघरात पोचली आहे. मला त्याचा आनंदच आहे. माणसांना स्वतःच्या मनाविषयी कुतूहल वाटू लागलंय, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण एवढ्या प्रवासात संशोधनाचा गाभा मागे राहिला आणि लोकांच्या हाती लेबलं तेवढी लागली. तो गाभा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा मुळापासून सांगते. (यातल्या सगळ्या माणसांचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

जॉन बोल्बी हे इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ. जन्म १९०७ चा, लंडनच्या सुखवस्तू घरातला. वडील नामांकित सर्जन. त्या वर्गातल्या रिवाजाप्रमाणे मुलं सांभाळायला बाया असायच्या, आई दिवसातून तासभर भेटायची. ज्या बाईचा छोट्या जॉनला लळा होता ती तो चारेक वर्षांचा असताना नोकरी सोडून गेली. पुढे मोठेपणी बोल्बींनी आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला: लहान मुलाचं माणूस त्याच्यापासून तुटलं तर त्या मुलाचं काय होतं? दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेने बेघर मुलांवर त्यांच्याकडून अहवाल करून घेतला, तो १९५१ साली आला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या हॉस्पिटलमधल्या आठ दिवसांचा माहितीपट केला. तेव्हा इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. ती मुलगी फार रडतही नाही, शहाण्यासारखी वागते, आणि शेवटी आईचा हात धरायला तयार होत नाही. असल्या पुराव्यांमुळे तिथले नियम हळूहळू बदलले. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आई मुलाच्या खाटेखालीच पथारी टाकते. गर्दी होते, नर्सबाई ओरडतात, पण मुलाला आई दिसत असते.

बोल्बींचं म्हणणं थोडक्यात असं की, मूल आईला धरून राहतं ते दुधासाठी नव्हे. संकटात जवळ जाण्यासाठी एक भरवशाचं माणूस असणं, ही भुकेइतकीच मूळ गरज आहे. आणि ती 'पाळण्यापासून सरणापर्यंत' सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. लग्नसंस्थेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे फार जवळचं वाटतं. मोठ्या माणसाला कुणाचा तरी आधार लागतो यात कमीपणा नाही, असं एका शास्त्रज्ञाने स्पष्ट म्हटलं, याची किंमत मी रोज पाहते.

पण माझा खरा जीव जडला तो मेरी एन्सवर्थ यांच्या कामावर. या बाई बोल्बींबरोबर लंडनमध्ये होत्या, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे १९५४ मध्ये युगांडाला गेल्या. कंपालाजवळच्या गावांमधून आया आणि तान्ही मुलं पाहत हिंडल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला २६ कुटुंबं निवडली आणि मूल जन्मल्यापासून वर्षभर, काही आठवड्यांनी एकेकदा, चार-चार तास त्या घरांत जाऊन बसायची पद्धत ठेवली. मूल रडलं तर आई किती वेळाने उचलते, उचलते तेव्हा कशी धरते, याच्या नोंदी. एवढं घर पाहून झाल्यावर, मूल वर्षाचं झालं की वीसेक मिनिटांचा एक प्रयोग. अनोळखी खोली, खेळणी, दोन खुर्च्या. आई आणि मूल आत येतात, एक अनोळखी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. प्रत्येक टप्पा साधारण तीन मिनिटांचा. मूल फारच रडलं तर त्याहून कमी.

कुणालाही वाटेल की आई गेल्यावर मूल किती रडतं हे मोजायचं. एन्सवर्थबाईंना दिसलं ते वेगळंच. रडण्यावरून फारसं काही कळत नव्हतं, कारण घट्ट बंध असलेली मुलंही भोकाड पसरायची आणि काही मुळीच रडायची नाहीत. खरा फरक दिसला आई परत आल्यावर. काही मुलं धावत गेली, कडेवर चढली, हुंदके थांबले आणि दोन मिनिटांत खेळायला उतरली. काही मुलं आईकडे झेपावली, पण उचलल्यावर तिलाच लाथा मारू लागली, खेळणं भिरकावू लागली, खाली ठेवलं की पुन्हा हात वर. आणि काही मुलांनी आई आली तरी मान वर केली नाही. ठोकळा उचलला, ठेवला, उचलला, ठेवला.

पहिल्या मुलांना 'सुरक्षित' म्हणतात, दुसऱ्यांना 'चिंताग्रस्त', तिसऱ्यांना 'टाळणारी' किंवा अलिप्त. बायकांच्या ग्रुपमधून फिरणारे शब्द तिथून आलेत. घरातल्या नोंदी पाहिल्या तर सुरक्षित मुलांच्या आया मुलाच्या हाकेला ओ देणाऱ्या होत्या, नेहमी नाही पण बहुतेक वेळा. चिंताग्रस्त मुलांना कधी प्रतिसाद मिळायचा, कधी नाही, त्यामुळे मागणीचा आवाज वाढवूनच ठेवायची सवय. आणि अलिप्त मुलांना जवळ जाऊ पाहिल्यावर दूर सारलं जाण्याचा अनुभव होता. त्यांनी मागणंच सोडलं होतं.

याच्या पुढची गोष्ट रील्समध्ये कुणी सांगत नाही आणि मला वाटतं तीच सर्वांत आधी सांगायला हवी. १९७७ मध्ये अॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं प्रसिद्ध केलं. ठोकळ्यांशी निवांत खेळणाऱ्या, आईकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मुलांचे ठोके वाढलेलेच होते. चेहरा शांत होता आणि छाती धडधडत होती.

आता त्या चाकणच्या जोडप्याकडे येते. मी त्यांना नेहमीचं भांडण सांगायला लावलं नाही. विचारलं, तू सेकंड शिफ्ट करून घरी आलास की पहिल्या पाच मिनिटांत काय काय होतं, एकेक करून सांगा.

त्याने सांगितलं ते असं. मध्यरात्र उलटलेली असते. हिची झोपमोड नको म्हणून बेल वाजवत नाही, चावीने दार उघडतो. बूट काढतो, डब्याची पिशवी ओट्यावर ठेवतो, हातपाय धुतो. मग बाल्कनीत जाऊन मोबाइल बघत उभा राहतो. "किती वेळ?" "अर्धा तास असेल."

तिने सांगितलं, की ती जागीच असते. अकरापासून तीन-चार फोन केलेले असतात, गाडीवर असल्यामुळे त्याने उचललेले नसतात. व्हॉट्सअॅपवर 'लास्ट सीन' पाहून झालेलं असतं. पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रक डोळ्यांसमोर येत असतात. चावीचा आवाज आला की हायसं वाटतं, आणि त्याच क्षणाला संताप येतो. ती भिंतीकडे तोंड करून पडते. तो आत आला नाही की उठते आणि म्हणते, "आलास का? मला वाटलं आज तिकडेच मुक्काम." तो म्हणतो, "आता काय झालं?" ती ताट जोरात आपटते. तो बाल्कनीचं दार ओढून घेतो. सासूबाई आतून खाकरतात. सासूबाईंसमोर ती त्याला 'अहो' म्हणते, त्यामुळे उरलेलं भांडण कुजबुजत होतं किंवा होतच नाही.

बाल्टिमोरच्या त्या खोलीतली दोन मुलं माझ्यासमोर बसली होती. एकीला उचलून घ्यायला हवं होतं आणि तीच लाथा मारत होती. दुसरा ठोकळा उचलत होता, ठेवत होता. मी त्याला विचारलं, दार उघडताना मनात काय असतं? बराच वेळ हेल्मेटची काच खाली राहिली. मग म्हणाला, "ती जागी असावी असं वाटतं. पण चेहरा बघितला की इथे धडधडतं. काही बोललो तर वाढणार. म्हणून बाहेर जातो." तिने त्याच्याकडे मान वळवली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्याच्या छातीत धडधडतं ही बातमी तिला त्या दिवशी कळली. तिची समजूत होती, त्याला काहीच वाटत नाही.

मोठ्या माणसांच्या प्रेमाला हीच फूटपट्टी लावून बघावी हे १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी संशोधकांना सुचलं. त्यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली आणि आलेली पहिली ६२० उत्तरं तपासली. ५६ टक्के वाचकांना स्वतःचं वर्णन सुरक्षित गटात सापडलं, २५ टक्क्यांना टाळणाऱ्या गटात, १९ टक्क्यांना चिंताग्रस्त. वर्तमानपत्राला आपणहून पत्र लिहिणारे लोक म्हणजे सगळा समाज नव्हे, तरीही हे प्रमाण लहान मुलांच्या प्रमाणाशी बरंच जुळलं आणि या विषयाला तोंड फुटलं. आज मोबाइलवर फिरणाऱ्या चाचण्या ही या प्रश्नावलीचीच नातवंडं-पतवंडं आहेत.

पुढच्या संशोधनाने मात्र कप्पे मोडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासक दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: मला सोडून जातील ही धास्ती किती, आणि जवळ जाण्याचा संकोच किती. प्रत्येकात दोन्ही थोडंथोडं असतं, उंचीसारखं, कमी-जास्त. शिवाय एकच माणूस बायकोशी एक, आईशी दुसरा आणि मित्राशी तिसरा असू शकतो. त्यामुळे 'तू अव्हॉइडंट आहेस' हे वाक्य शास्त्राच्या भाषेतही फारसं टिकत नाही. घरात तर ते शिवीसारखंच लागतं.

प्रश्नावलीपेक्षा मला जास्त उपयोगी पडते ती मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केलेली मुलाखत. त्यात बालपणाबद्दल तासभर प्रश्न विचारतात. एक प्रश्न असा: आईसाठी पाच विशेषणं सांगा. ती सांगून झाली की एकेका विशेषणाला धरून एखादा प्रसंग आठवा. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यावर निकाल नसतो. सांगणं कितपत सलग आणि खरं आहे, यावर असतो. लंडनमध्ये गरोदर बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या गेल्या आणि अजून न जन्मलेलं मूल वर्षाचं झाल्यावर आईशी कसं वागेल याचा अंदाज त्यावरून बऱ्याच जणींच्या बाबतीत बरोबर आला. आणि गंमत नव्हे, गंभीरपणे सांगते, ही मुलाखत आणि मोबाइलवरची चाचणी यांचे निष्कर्ष एकमेकांशी फार थोडे जुळतात. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात.

मी काही ती मुलाखत शास्त्रोक्त घेत नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. पण विशेषणांचा प्रश्न विचारते. एक साठीचे निवृत्त शिक्षक बायकोबरोबर आले होते. मुलं परदेशी गेली आणि घरात दोघांना बोलायला विषय उरला नाही, ही बाईंची तक्रार. गुरुजींना आईबद्दल विचारलं. "देवमाणूस." आणखी? "साक्षात अन्नपूर्णा. प्रेमळ. अतिशय प्रेमळ." प्रेमळचा एखादा प्रसंग? ते छताकडे बघत राहिले. "असा वेगळा काढून काय सांगू? आईच ती." मी थांबले. कोर्टाने मला एक शिकवलं, गप्प बसलेल्या माणसाला वेळ द्यावा. मग म्हणाले, "पेरूच्या झाडावरून पडलो होतो. हात मोडला. तिसरी-चौथीत असेन." आईला सांगितलं? "नाही. धाकट्या चुलत्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत हात शर्टात घालून बसलो होतो. आईला आठ माणसांचा स्वयंपाक, त्यात धाकटी तान्ही. आणि रडलेलं तिला खपत नसे."

त्या बाईंनी नवऱ्याच्या कोपराकडे पाहिलं. तिथे हाड थोडं वाकडं आहे, ते त्यांना माहीत होतं. का वाकडं आहे हे माहीत नव्हतं.

हा प्रसंग सांगितला की कुणीतरी म्हणतं, म्हणजे शेवटी दोष आईचाच. हे मला अजिबात मान्य नाही. आठ माणसांचा स्वयंपाक चुलीवर करणाऱ्या, कडेवर तान्हं असलेल्या बाईला एका मुलाच्या डोळ्यांत बघायला उसंत कुठून मिळणार? तिच्या मदतीला कोण होतं, हा प्रश्न आधी विचारा. बोल्बींच्या लिखाणातून आईच्या डोक्यावर फार ओझं टाकलं गेलं आणि त्यावर टीकाही झाली, ती योग्य होती. मुलाचा बंध एकाच माणसाशी असतो असं नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत आजी, आत्या, मोठी बहीण यांच्यापैकी कुणाकडे तरी ते मूल हक्काने जात असे, आणि तसं एक माणूस असलं तरी पुष्कळ झालं. गुरुजींसाठी तो धाकटा चुलता होता. व्हॅन आयझेंडॉर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या वेगवेगळ्या गटांतला फरक मोठा आहे. तेव्हा 'आपली संस्कृती वेगळी, हे पाश्चात्त्य खूळ' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

आपल्याकडच्या काही वाटा मात्र खास आपल्या आहेत आणि त्यांवर पुरेसं लिहिलं जात नाही. धाकटं भावंड झालं म्हणून तिसऱ्या वर्षी आजोळी ठेवलेलं आणि शाळेच्या वयात परत आणलेलं मूल. मुंबईत खोली लहान म्हणून गावी आजीकडे वाढलेला मुलगा, ज्याला आई गणपतीत आणि मे महिन्यात भेटायची. बीडकडची ऊसतोड कामगारांची मुलं, ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ते पाच-सहा महिने फडावर असतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांच्या बोलण्यात अशी एक ताटातूट निघते. तिच्याबद्दल राग नसतो, कारण आईवडिलांची अडचण त्यांना कळते. "आजीने काही कमी केलं नाही हो," असंच वाक्य येतं. पण परत आणलं त्या दिवसाचं विचारलं की चेहरा बदलतो. पुन्हा तोच परतीचा क्षण. आजीपासून तोडून ज्या घरी आणलं त्या घरात कुणी मांडीवर घेऊन 'तुला आजीची आठवण येते ना?' असं विचारलं का? एवढं एक वाक्य विचारलं गेलेली माणसं आणि न विचारली गेलेली माणसं, यांत मला फरक दिसतो.

मैत्रीबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळे लग्नाबद्दलच विचारतात. किम बार्थोलोम्यू आणि लिओनार्ड होरोविट्झ यांनी १९९१ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या मित्रांनाही प्रश्न विचारले होते, आणि माणसाची रीत मैत्रीतही दिसते हे दाखवलं होतं. स्वतःला टाळणारं समजणाऱ्यांतही दोन जाती निघाल्या: ज्यांना खरोखर 'मला कुणाची गरज नाही' वाटतं ते, आणि ज्यांना जवळीक हवी असते पण नाकारलं जाण्याची भीती म्हणून लांब राहतात ते.

आमच्या भिशीत एक मैत्रीण आहे. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा तिचा. मुगाची खिचडी, वर तुपाची वाटी वेगळी, लोणच्याची फोड फॉइलमध्ये. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, सगळं तिला पाठ. तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते आम्हाला कळलं ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी, तेही दूधवाल्याकडून. रिक्षा करून एकटी ॲडमिट झाली होती. "तुम्हाला उगाच कशाला त्रास?" असं म्हणाली. आमच्यातली एक जण यावर इतकी दुखावली की महिनाभर बोलली नाही. तिला वाटलं, आपल्याला परकं मानलं. ही दुसरी स्वभावाने नेमकी उलट आहे. दोघी तिला न सांगता सिनेमाला गेल्या तर ती ग्रुपमधून बाहेर पडते, आणि मग आपल्याला कोण परत बोलावतंय याची वाट बघते.

लग्नात अशी दोन टोकं भांडतात तरी. मैत्रीत भांडायचीही पद्धत नाही. मैत्रिणी फोन करायच्या थांबतात, पुढच्या भिशीला 'काम होतं' म्हणतात, आणि दहा-पंधरा वर्षांचं नातं निमूट विरतं. मैत्रीत माणसं गमावण्याचं दुःख आपण मोजतच नाही, पण चाळिशी-पन्नाशीनंतर एकटेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका आणि पुरुष दोघांच्याही मागे अशा विरलेल्या मैत्र्यांची रांग असते. आमच्या डबा देणाऱ्या मैत्रिणीकडे मी गेलेच. हातात डबा घेऊन. तिला तो घेता येईना. पहिली दहा मिनिटं ती मलाच चहा करायला उठत होती. टाके ओले होते. मी म्हटलं, बस, आज मी करते. ती बसली आणि रडली. देणाऱ्या माणसाला घ्यायला लावणं हे कधीकधी मैत्रीतलं सर्वांत अवघड काम असतं, आणि ते हट्टाने करावं.

हे बदलतं का, असं प्रत्येक जण विचारतं. बदलतं. वर्षाच्या मुलाची रीत आणि तिशीतल्या माणसाची रीत यांत संबंध आढळतो, पण तो सैल आहे. मधल्या काळातले शिक्षक, मित्र, जोडीदार, आजार, मृत्यू सगळं त्यात भर घालतं. बालपण खडतर जाऊनही ज्यांचं सांगणं सलग आणि शांत झालेलं असतं, अशा माणसांना संशोधक 'कमावलेली सुरक्षितता' लाभलेली माणसं म्हणतात. जोडीदाराच्या सोबतीचा परिणाम तर शरीरावर दिसतो. जेम्स कोअन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना त्यांना सौम्य विजेच्या झटक्याची धास्ती दिली जायची. नवऱ्याने हात धरला असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली, परक्याने धरला असताना त्याहून थोडीच, आणि ज्यांचं लग्न समाधानाचं होतं त्यांच्यात सर्वांत जास्त. कॅनडातल्या सू जॉन्सन यांनी याच विचारावर जोडप्यांसाठी उपचारपद्धती उभी केली. तिच्यात मुद्द्यावरच्या भांडणाखालची भीती बोलायला शिकवतात.

मी काय सांगते ते साधं आहे. जो उठून बाल्कनीत जातो त्याने जावं, पण परत येण्याची वेळ सांगून जावं. "मला अर्धा तास दे, एक वाजता आत येतो," आणि एकला यावं. जिला धास्ती वाटते तिने तीन फोनांऐवजी एक करावा आणि त्यात खरं सांगावं: "पोचलास का, मला भीती वाटत होती." 'तुला माझी पर्वाच नाही' हे भीतीचं भाषांतर चुकीच्या माणसाच्या हाती पडतं आणि भांडण होतं. चाकणच्या त्या मुलाने बेल वाजवायला सुरुवात केली. ती दार उघडते. पहिल्या आठवड्यात दोघांना अवघडल्यासारखं झालं, असं सांगत होते. तो कारखान्यातून निघताना एक मेसेज टाकतो: 'निघालो'. भांडणं संपलेली नाहीत. हप्त्याचं, सासूबाईंच्या औषधांचं, दुसऱ्या मुलाचं भांडण चालूच आहे. पण ते आता दिवसाउजेडी होतं.

एका ठिकाणी मात्र मी कठोर आहे. मारहाण, पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं, पाळत ठेवणं यांना कुणी अटॅचमेंट स्टाइल म्हणू लागलं तर मी तिथेच थांबवते. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार नोंदवला तो अशाच मुलांचा: आईकडे जायला निघतात आणि मध्येच थिजतात, कारण ज्याच्याकडे आधारासाठी जायचं त्याचीच भीती वाटते. ज्या घरात अशी भीती आहे तिथे बाईने नवऱ्याचं बालपण समजून घेत बसायची गरज नाही. आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक त्यासाठीच आहेत.

बाकीच्यांना एक कळकळीची विनंती. जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा वकिलाकडे आधी जाऊन आलेली असतात. इतकं थांबू नका. जवळ समुपदेशक नसेल किंवा फी परवडत नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.